शिबिरात रांधतं कोण

मुलाला स्काऊटमध्ये घालण्याआधी घरच्यांनी एक गोष्ट नीट विचारून घ्यावी: शिबिरात स्वयंपाक कोण करतं? आमच्या वडिलांनीही तेच विचारलं होतं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. ते अमरावतीत भिक्षुकी करत. आमचे स्काऊटमास्तर अकोल्याकडच्या शेतकरी घरातले. मला चिखलदऱ्याच्या शिबिराला न्यायची परवानगी मागायला ते घरी आले होते. जातिभेदाविरुद्धची पत्रकं वाचून मी भाषण तयार ठेवलं होतं. वडील नाही म्हणाले की सुरू करायचं.

"रांधतं कोण?" वडिलांनी विचारलं.

"पोरंच रांधतात, महाराज. पाळी लावतो. पहिल्या दिवशी तुमचाच पोरगा हाये."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "याला चूल पेटवता येत नाही."

"म्हणून तं नेऊन राहिलो."

"आणि हा करील ते बाकीची पोरं खाणार?"

"भूक लागली का खातात."

सोवळ्याचा विषय वडिलांच्या मनातून गेलाच असावा. "जाऊ दे याला," ते म्हणाले, "पण लोकांची लेकरं उपाशी राहायला नकोत." आणि त्यांनी आईला सगळ्या पोरांना पुरतील एवढ्या दशम्या करायला सांगितल्या.

चिखलदऱ्याला माझी खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली. मग सगळ्या जातींच्या पोरांनी एकाच डब्यातून आमच्या घरच्या दशम्या खाल्ल्या. तयार भाषण वाया जाऊ नये म्हणून मी उभा राहिलो, तर मास्तर म्हणाले, "बस खाली. तुह्या वाट्याची दशमी संपून राहिली."