खंडेनवमीचं कुंकू

वाळूजच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात खंडेनवमी दणक्यात व्हायची. पंप, पाने, मोटारी, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूच्या माळा. त्या वर्षी मोठ्या साहेबांना उत्साह आला आणि ताट घेऊन ते स्वतःच फिरले. सल्फाइडच्या टाकीजवळ भिंतीवर गॅसचा डिटेक्टर होता. त्याला तोंड म्हणजे खालची बारीक जाळी. साहेबांनी ओल्या कुंकवाचं बोट नेमकं तिथंच फिरवलं.

“साहेब, जाळीवर नको, बुजेल ती,” मी म्हणालो.

“अहो, वर्षातून एक दिवस तरी श्रद्धा ठेवा!”

सगळे हसले. पाळीतला माझा जोडीदार, वैजापूरकडचा, तोही हसला. “या डब्ब्याची लई काळजी रं तुला! वहिनीची तरी एवढी करतो का?”

तो गॅस मोठा लबाड. आधी सडक्या अंड्यांचा वास मारतो, आणि जास्त झाला की नाकच मरतं. वास गेला, म्हणजे गॅस गेला, असं माणसाला वाटतं. म्हणून तर भिंतीवर ते भोंगा वाजवणारं यंत्र लावलेलं. जाळी साफ करून तपासून घ्या, म्हणून मी मागं लागलो. ‘दिवाळीनंतर बघू,’ असं उत्तर मिळालं.

दिवाळीआधीच टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. जोडीदार रीडिंग घ्यायला टाकीच्या खोलीत गेला होता. वॉकीटॉकीवर म्हणाला, “मघा जरा वास होता, आता नाय. भोंगा बी गप हाय.” “बाहेर ये!” मी ओरडलो. उत्तर आलं नाही. हवेची टाकी पाठीवर आणि मास्क तोंडावर चढवायला जो वेळ गेला, तो मला अजून छळतो. तसाच धावलो असतो तर दोघंही आत पडलो असतो. हे कळतं, पण त्यानं काही बरं वाटत नाही.

त्याचा जीव वाचला. नाक गेलं ते गेलंच, आणि डोकं अजून ठणकतं. चौकशीत ठरलं, की कामगारांनीच पूजेच्या नादात सेन्सर बुजवला. बोट साहेबांचं होतं, हे मी तोंडावर सांगितलं. चौकशीवाल्यांनी मान डोलावली, चहा मागवला, लिहिलं मात्र काहीच नाही. जोडीदाराला प्रकृतीचं कारण दाखवून घरी बसवलं. पुढच्या खंडेनवमीला याच साहेबांनी सेन्सरला कुंकू लावू नये यावर भाषण ठोकलं. टाळ्याही पडल्या. माझ्या अंगाची नुसती आग होत होती.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला जोडीदाराच्या घरी गेलो. तो आता बाजार समितीत कांदा निवडायला जातो.

“जमतं का?” मी विचारलं.

“सडका हाय का, दाबून बघतो एकेक. लई येळ लागतो, मग मुकादम शिव्या घालतो.”

दाराला झेंडूचं तोरण होतं. बोलता बोलता त्यानं त्यातलं एक फूल तोडलं आणि सवयीनं नाकाशी नेलं. मग ते बायकोपुढं धरलं.

“बघ गं, येतो का वास?”