चपलांची चिठ्ठी

"चपलांकडे जरा तुम्ही बघा. सवय असेल."

गेल्या वर्षी कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, हॉलच्या दाराशी अध्यक्ष मला असं म्हणाले. हसत म्हणाले. माझ्या हातात एकवीस मोदकांचा डबा होता. बेहालातल्या घरून ऑटोत मांडीवर धरून आणलेला, अजून गरम. डबा त्यांच्या सुनेने घेतला आणि आत गेली. मी चपलांपाशी उभी राहिले. सांगायला लाज वाटते, पण आरती संपेपर्यंत उभी राहिले. जोड्या लावल्या.

सवय असेल म्हणे! माझे आजोबा साताऱ्याकडच्या एका गावात चपला शिवायचे. मी बँकेत अधिकारी आहे. बदलीवर कोलकात्याला येऊन सहा वर्षं झाली. इथल्या बंगाली लोकांना माझ्या आडनावातून काही कळत नाही. शेजारच्या बाई सरळ माझ्या स्वयंपाकघरात येतात, झाकणं उघडून बघतात, चाखतात. चौकशी केली ती फक्त आपल्या मराठी माणसांनी. तीही गोड बोलून. मूळचे कुठले? गावात घर कुठल्या आळीला? वडील काय करायचे? झालं, कळलं त्यांना.

आरतीनंतर माझी दहा वर्षांची मुलगी धावत आली. इथेच वाढलेली, मराठी तोडकंमोडकं.

"आई, आपला मोदक बाप्पाला नाही दिला. बाहेर ड्रायव्हरकाका लोक खातात."

जाऊन बघितलं. खरंच होतं. ड्रायव्हरांनी खाल्ले याचं मला काही नाही, चवीने खाल्ले बिचाऱ्यांनी. पण नैवेद्य ठरलेल्या पाच घरांचाच लागतो, हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. पोरीला म्हटलं, बाप्पाचं पोट भरलं होतं. तिने मान हलवली. पटलं नव्हतं तिला.

म्हणून यंदा मी निवडणुकीला उभी राहिले. सचिवपदासाठी. मागणी एकच. नैवेद्याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा, सगळ्या घरांची नावं घालून.

गेल्या रविवारी उमेदवारांची भाषणं होती. हॉल भरलेला. मी मागणी वाचली आणि अध्यक्षांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"हा समाजवाद इथे नको. बंगालात राहून तुम्हाला लाल रंग चढलाय. उद्या म्हणाल, गणपतीसुद्धा वाटून घ्या!"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "हा रेसिझम आहे!"

खरा शब्द ओठावर होता. जात. पण सहा वर्षं तो मी तोंडातून काढला नव्हता. काढला की सगळे आधी माझ्याकडे बघणार. इंग्रजी शब्दाने अंगावर काही येत नाही. भित्री होते मी.

अध्यक्षांनी तेच पकडलं. "कसला रेसिझम? आपण सगळे एका रंगाचे, एका राज्याचे. तुम्हीच फूट पाडताय. शब्द मागे घ्या."

मुलगी पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती.

"घेते मागे," मी म्हटलं. "शब्द चुकला. याला जात म्हणतात. मी चांभार आहे. म्हणून माझे मोदक बाहेर गेले, आणि मी चपलांपाशी."

आता कुणी हसलं नाही. एक खुर्ची सरकली. मग दुसरी. मुलीच्या रांगेतल्या बायका उठून मागे जाऊन बसल्या.

जिन्यात अध्यक्षांनी गाठलं. ते माझ्याच बँकेतून निवृत्त झालेले. आवाज एकदम मऊ.

"मॅडम, मुंबईत हेड ऑफिसला अजून माझा शब्द चालतो. मुलीचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर आहे ना? बदली काय, कधीही येते. फॉर्म मागे घ्या."

त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. मंडळातल्याच मराठीच्या वर्गाच्या बाईंचा निरोप आला, मुलीला काही दिवस पाठवू नका. नवरा म्हणतो, कशाला नसती कटकट, घे ना मागे. आणि काल शाखेत साहेबांनी बोलावलं. दार लोटून घेतलं. विचारलं, "मंडळात काय भानगड केलीत?"

म्हणजे सुरुवात झाली.

भीती वाटते. खोटं कशाला सांगू? फोन वाजला की आधी नंबर बघते. पण आता गप्प बसले तर उद्या माझी पोर असल्याच कुठल्या तरी दाराशी उभी राहील. आईसुद्धा उभी राहिली होती, असं म्हणेल. ते मला चालणार नाही.

उद्या मतदान आहे. बहुतेक पडेन. फॉर्म मागे घेणार नाही. बदली होईपर्यंत दर सभेत उठून तीच मागणी वाचेन, एक ओळ वाढवून. चपला कोण सांभाळणार, त्याचीही चिठ्ठी काढा. सगळ्यांची नावं घाला.

अध्यक्षांच्या नावाची चिठ्ठी मी माझ्या हाताने लिहिणार आहे.