एकाच केबलचा हट्ट

फलक मुलाणी नेमकं काय काम करते, हे कुसगावात कुणाला कळत नाही आणि तिला समजावून सांगायचा कंटाळा. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती क्वांटम संगणकाच्या केबल जोडते. आई अकबरी शेजारणींना सांगते, "फ्रिजचं काम करती." तेही खोटं नाही. या संगणकातले क्युबिट, म्हणजे गणित करणारे त्याचे सूक्ष्म घटक, कमालीच्या थंडीतच चालतात. प्रत्येकाला वळवायला मायक्रोवेव्ह लहर लागते आणि ती पोचवायला वेगळी केबल. केबल वाढल्या, की बाहेरची उष्णता आत शिरते.

फलकचं म्हणणं, केबल सगळ्यांत मिळून एकच ठेवा आणि प्रत्येक क्युबिटपाशी छोटा स्विच बसवा. ज्याचा स्विच चालू, त्यालाच लहर मिळेल. दोन वर्षं ती याच्याच मागे होती. शुक्रवारच्या बैठकीत होकार मिळाला, तर नवं मोठं यंत्र तिच्या पद्धतीनं बांधलं जाणार होतं.

चाचण्या झकास झाल्या. बंद स्विचमागचे क्युबिट किंचित हलत होते, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. घेणार तरी कशी? तिच्या गल्लीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद असला, तरी वरच्या आळीला पाणी सुटलं की नळ ठिबकतो, आणि घरोघरी त्याखाली बादली ठेवलेली असतेच. बंद म्हणजे थोडं गळणारच, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

गुरुवारी सहकारी तेजलनं लांबलचक गणित चालवलं आणि उत्तर साफ चुकलं. ज्यांना हातही लावायचा नव्हता, ते क्युबिट हळूहळू भलतीकडेच वळले होते.

"उद्या छोटं गणित दाखव, ते बरोबर येतंय," तेजल म्हणाली.

फलकला मोह झाला. चांगलाच झाला. घरी आईला सांगितलं, तर ती घाबरलीच. "आता कामावरनं काडत्यात का काय गं?"

"ठावं न्हाई, अम्मी."

बैठकीत फलक सगळ्यांच्या आधी उठली. "या यंत्रात माझी पद्धत घेऊ नका. स्विच गळतात." प्रमुख सरांनी मान डोलावली आणि प्रत्येक क्युबिटला वेगळी केबल ठरली. त्या जोडायचं काम अर्थातच फलकच्या गळ्यात पडलं. तिला रडू आलं, रागही आला, बहुतेक स्वतःचाच.

सामानाची मागणी करताना सर तिला म्हणाले, "चाचणीचं जुनं यंत्र तुझ्याकडेच राहू दे. त्याला किती केबल मागवू?"

"एक," फलक म्हणाली.