सव्वाचारचा शिक्का

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस. परक्या मालकांच्या बोटींचा कारभार तिथून चालायचा. मी स्वतः कधी बोटीवर पाय ठेवला नव्हता. मी टेलेक्सवर. आलेल्या संदेशावर वेळेचा शिक्का मारायचा आणि साहेबांच्या सहीशिवाय उत्तर पाठवायचं नाही, एवढंच काम. भिंतीवर दोन घड्याळं. एक आपलं, दुसरं अडीच तास पुढचं, सिंगापूरकडच्या बोटींसाठी.

व्हिएतनामहून तेव्हा माणसं होड्यांतून पळत होती. मोठ्या देशांनी त्यांना वाटून घ्यायचं कबूल केलं होतं खरं, पण 'यांना आम्ही घेऊ' असा कुणा देशाचा कागद असल्याशिवाय बंदरं त्यांना उतरू देत नसत. आमच्या एका बोटीने अशी माणसं उचलली आणि ती अठरा दिवस बंदराबाहेर अडकली. कॅप्टनला 'उचला' कळवणारा माझ्या शेजारच्या टेबलावरचा गडी त्याच आठवड्यात घरी बसला. जाताना मला म्हणाला, "तू शहाणा हो रे. विचारल्याशिवाय हात हलवू नकोस."

मुलुंडला नवी खोली, बायकोला सातवा महिना. मी शहाणा झालो.

त्या दुपारी दीडला दुसऱ्या बोटीचा टेलेक्स आला. होडी दिसते आहे, इंजिन बंद, तीसेक माणसं, बायका-मुलं. उचलू का? अंधाराआधी कळवा.

साहेब फोर्टला एका वकिलातीत बसले होते, त्याच कागदासाठी. बोटीवर ज्याचा झेंडा तो देश जबाबदारी मालकाच्या देशावर ढकलत होता, तो आणखी तिसऱ्यावर. तिथला नंबर माझ्याकडे होता. फोनच्या डायलला कुलूप असे, त्याची किल्लीही माझ्याच खिशात. पण मीटिंगमध्ये फोन करायचा नाही, अशी ताकीद होती. मी किल्ली काढली, परत ठेवली. पुन्हा काढली. टेलेक्सवर शिक्का मारला नाही. मारला की तो आला असं होईल, म्हणून. पुढच्या घड्याळात सहा वाजले. मग साडेसहा. तिकडे अंधार पडला असणार. मी कागदावरची छापील वेळेची पट्टी फाडली.

साहेब सव्वाचारला आले, खुशीत. "झालं एकदाचं. यापुढे आपल्या कुठल्याही बोटीने उचललेली माणसं ते घेतायत." मग त्यांची नजर टेलेक्सवर गेली. "हा कधी आला?"

"आत्ताच, साहेब."

त्यांच्यासमोरच मी शिक्का मारला.

उत्तर लगेच गेलं. बोट रात्रभर सर्चलाइट टाकत फिरली. सकाळी एवढंच आलं: होडी सापडली नाही. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "दोन-तीन तास आधी आला असता ना," म्हणाले. मी मान हलवली.

आदल्या संध्याकाळी न उघडलेला डबा पाहून बायकोने विचारलं होतं, बरं नाही का. कामात राहिला, म्हटलं. तिलाही आजवर दुसरं काही सांगितलं नाही.

वीसेक वर्षं मी भीत राहिलो, कुणीतरी वेळ विचारेल म्हणून. कुणी विचारली नाही.

दीड वाजला होता.