मुहूर्ताविना शीतगृह

दगडोबाआप्पांची बाजू कोणती, हे कवठे येमाईत कुणाला माहीत नव्हतं, आणि म्हणूनच ते सगळ्यांचे होते. निवडणूक आली की दोन्ही पॅनेल त्यांचं मत आपल्यातच धरत. साखरपुडा असो की बांधाचं भांडण, पहिलं बोलावणं आप्पांना. आप्पा जात, दोन्हीकडचं ऐकत, "व्हय, तुमचंबी खरंय" म्हणत आणि चहा घेऊन परतत. मधल्या वेळात झेंडू लावत.

झेंडूचं दुखणं मात्र जुनं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोनं, दुसऱ्या दिवशी कचरा. त्यामुळे एका परदेशी बँकेच्या मदतीतून गावच्या शेतकरी गटाला शीतगृह मिळणार असं कळल्यावर आप्पांनी रस्त्याकडेची दोन गुंठे जागा देऊन टाकली. बँकेची अट साधी होती: पाहुणे पाहणीला येतील तेव्हा काम सुरू झालेलं दिसावं, नाहीतर निधी दौंड तालुक्यातल्या गावाला.

गावाची अडचण त्याहून साधी होती. भूमिपूजन सरपंचांनी करायचं की सोसायटीच्या चेअरमननी? फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा, यावर दोन मुहूर्त गेले. तिसऱ्याला दोघंही आजारी पडले; अर्थात वेगवेगळ्या दवाखान्यांत.

पाहणी उद्यावर आली. दोघांचेही फोन आले आणि मागणी एकच: "आप्पा, आमच्या बाजूनं बोला." हयातीत पहिल्यांदाच 'तुमचंबी खरंय' पुरेना.

"आता वो?" धुरपदाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"काढतील सकाळी कायतरी तोडगा."

"आन् न्हाई काढला मंग? दौंडकर येत्यात व्हय तुमचा झेंडू गार करायला?"

सकाळी आप्पांनी जेसीबी बोलावला. ड्रायव्हर बिहारचा. मोकळं रान बघून तो चक्रावला.

"चाचा, नेता लोग किधर है?"

"येत्याल. तू खोद."

धुरपदाबाईंनी मातीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि भाषण न करता बाजूला झाल्या.

पाहुणे आले तेव्हा पाया कमरेइतका खोल गेला होता. परदेशी बाईंनी काहीतरी विचारलं. प्रकल्पाच्या रश्मी मॅडमनी मराठीत सांगितलं, "गावानं हा निर्णय कसा घेतला, असं विचारतायत."

"सगळ्यांचं ऐकलं," आप्पा म्हणाले, "आन् मंग कुणाला सांगितलंच न्हाई."

रश्मी मॅडमनी त्याचं बरंच लांबलचक इंग्रजी केलं. त्यात लोकसहभाग असावा, कारण बाई प्रसन्न झाल्या.

तेवढ्यात सरपंच आणि चेअरमन दोन रस्त्यांनी एकदमच पोचले. मान दुसऱ्यालाही मिळालेला नाही, हे पाहून दोघांना हायसं वाटलं. मग दोघंही आप्पांवर घसरले. "तुम्ही शेवटी त्यांचेच निघाला, आप्पा!" असं दोघंही म्हणाले, एकमेकांकडे बोट दाखवून.

निधी कवठ्यातच राहिला, शीतगृह उभं राहिलं. आता आप्पांचं मत कुठलंच पॅनेल आपल्यात धरत नाही. यंदाच्या निवडणुकीत उमेदवार शेजाऱ्याच्या दारापर्यंत आले आणि वळून गेले. धुरपदाबाईंना ते लागलं.

"इतकी वर्सं मानानं बोलवायचे. आता कुणी इचारत न्हाई."

दसरा होऊन गेला होता. आप्पा शीतगृहातून कोजागरीच्या बाजारासाठी झेंडूचे क्रेट बाहेर काढत होते. फुलं ताजी होती आणि भाव सुधारला होता.

"इचारलं असतं तर जावं लागलं असतं," ते म्हणाले. "धर त्या बाजूनं."