मेलेल्या नावाड्याची होडी

आमची आत्या बाइंडर. वाचनालयाची फाटकी पुस्तकं तिच्याकडे येत. ती पुस्तकं उसवायची, सोळा-सोळा पानांचे जुज सुटे करायची आणि शिवता शिवता वाचून काढायची. ऐतिहासिक कादंबरी असली की घरात स्वयंपाकाचा पत्ता नसे. "इतिहासात राजा जिंकतो. त्याला नदीपार कोणी नेलं, ते कादंबरीलाच विचारावं लागतं," म्हणायची.

वाचनालयात दर महिन्याला चर्चा होई. आत्या मागे बसून ऐकायची, मी तिच्या शेजारी. बोलण्याचा मक्ता एका निवृत्त प्राध्यापकांकडे होता.

त्या महिन्यात वेढ्यात सापडलेल्या एका परक्या शहरावरची अनुवादित कादंबरी होती. एकच प्रत सगळ्यांत फिरली होती, आत्यानं बांधलेली. प्राध्यापक कादंबरीवर तुटून पडले. "नावाडी बुडून मरतो आणि वीस पानांनी तोच होडी वल्हवतो. वाक्य एक सुरू होतं, संपतं भलतंच. या अनुवादिकेची सगळी पुस्तकं यादीतून काढा." माना डोलल्या.

आत्या पांढरीफटक पडली. "पानं माझ्याकडूनच चुकली," ती माझ्या कानात पुटपुटली. नावाड्याचं पुढे काय होतं, या उतावीळपणात तिनं शेवटाकडचे दोन जुज आधी ओढून वाचले होते आणि चुकीच्या जागी शिवले होते. कडा कापताना पानांचे आकडेही उडाले होते. गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. वाचनालयाचं काम म्हणजे तिची निम्मी रोजी. मी तिचा हात घट्ट धरला. तिनं तो झटकला.

"चूक माझी आहे," ती उभी राहून म्हणाली. "पानं मी उलटसुलट शिवली. अनुवाद चोख आहे."

"म्हणजे आम्ही महिनाभर..."

"हो सर. एवढे वाचणारे, पण कोणाला शंका आली नाही. बोल मात्र त्या बाईला."

कार्यवाह खाकरले. "मग पुढचं काम आम्हाला दुसरीकडे द्यावं लागेल, बाई."

"द्या. पण तिचं एकही पुस्तक यादीतून निघायचं नाही."

तिनं पिशवीतून सुरी काढली, तिथेच पुठ्ठा उचकटून दोरा कापला आणि जुज भराभर लावले. आकड्यांची तिला गरजच नव्हती. गठ्ठा प्राध्यापकांपुढे ठेवला.

"आता वाचा. मोठ्यानं."

मला तिचा भयंकर राग आला होता, आणि अभिमानही वाटत होता. प्राध्यापकांनी चष्मा लावला.

पुढच्या महिन्यात काम गेलं. चर्चेला मात्र आत्या गेली, आणि सगळ्यांच्या आधी बोलली.