पहिल्या पानावरून खाली

माझे थोरले दीर माझ्याशी कधी थेट बोलत नसत. राग वगैरे काही नव्हता. आमच्या धावडा गावच्या घरात थोरल्या भावानं धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीतच होती. मी त्याच खोलीत असले तरी ते माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणत, "तिला म्हणावं, चहात साखर कमी टाक." तो चहा मी तिथंच गाळत असे. नवरा मान वळवून मला सांगे, "दादा म्हणतेत साखर कमी." लग्नानंतर पहिली काही वर्षं मला याचं हसू यायचं. पुढे सवय झाली. एक फायदाही होता. जे ऐकायचं नसेल ते नवऱ्यापाशीच अडकून राही.

पुढे आम्ही दोघं जालन्याला राहायला आलो. तिथल्या एमआयडीसीत आमचं एक लहानसं शेड होतं. बियाणं साफ करायच्या यंत्रात ज्या चाळण्या बसवतात, म्हणजे भोकं पाडलेले पत्रे, ते आम्ही बनवायचो. शेड उभं राहिलं ते धावड्याच्या शेतीच्या जोरावर, म्हणून तिथंही थोरल्या दिरांचा शब्द चाले. दोन हजार साल नुकतं मागं पडलं होतं. बीकॉम होऊन मी दहा-बारा वर्षं भाकऱ्या थापत होते. मग जालन्यातच कॉम्प्युटरचा क्लास केला आणि नवऱ्याच्या मागे लागून शेडची वेबसाइट करून घेतली. ती सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून पंचिंग प्रेसच्या धडधडाटापासून दूर, काचेच्या केबिनमध्ये माझी खुर्ची आली. खरं सांगते, मला वेबसाइटपेक्षा ती खुर्ची प्रिय होती. सकाळी डबा भरून नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कामाला निघताना मला जे वाटायचं, ते नवी नवरी होऊन आले तेव्हाही वाटलं नव्हतं.

आणि साइट चालली. सर्च इंजिनात बियाण्याच्या चाळण्या शोधल्या की पहिल्या पानावर आम्ही. अकोल्याहून फोन यायचे, गुजरातेतून यायचे. एकदा आंध्रातून एक गृहस्थ फोनवर तेलुगूत बोलत राहिले आणि मी मराठीत, तरी ऑर्डर बराबर ठरली. थोरले दीर भोकरदनच्या बाजारात ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत, "आपली साइट एक नंबरला हाये." जणू कुस्ती मारून आले होते.

मग एका दुपारी मी साइटवरचा पहिला फोटो बदलला. जुन्यात नवऱ्याचे डोळे मिटलेले होते आणि ते मला कधीपासून खटकत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधून बघते तर आम्ही गायब. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत येणारं ते इंटरनेट, एकेक पान उघडायला जीव खाई. मी मागे मागे जात चहाच्या गाळण्या विकणाऱ्यांपर्यंत पोचले, तरी आमचा पत्ता नाही.

थोरले दीर दोन दिवसांनी आले. केबिनच्या दारात उभं राहून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "तिला इच्यार, याला हात कोणी लावल्ता?"

"मी," मी म्हणाले. "फोटो बदलला."

ते नवऱ्यालाच म्हणाले, "मंग झालं की. औरंगाबादहून एखादा शिकलेला माणूस ठिवू. तिला म्हणावं, घरी कामं लई हायेत."

नवरा माझ्याकडे वळला, पण हे मला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. सांगायची गरजही नव्हती. माझी खुर्ची जाणार होती. हंगाम तोंडावर असल्यानं माणूस शोधून होईपर्यंत तेवढी सवलत मिळाली. त्या दिवसांत मला जेवण जाईना. पोळीचा घास तोंडात फिरत राही. सगळ्यात वाईट म्हणजे मलाही पटलं होतं की हे माझ्याच हातून झालं. फोटो बदलला गुरुवारी, साइट गेली शुक्रवारी. दुसरं काय समजायचं?

मी जाणकारांकडे धाव घेतली. ज्यांनी साइट बनवली ते औरंगाबादचे टायवाले गृहस्थ फोनवर गरजले, "मॅडम, तुम्ही हात लावायलाच नको होता." पानाच्या तळाशी त्यांनी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'चाळणी, चाळणी' असं इंग्रजीतून ढीगभर लिहून ठेवलं होतं. माणसाला दिसत नाही, पण सर्च इंजिन वाचतं आणि खूश होतं, असं त्यांचं म्हणणं. ते शब्द अजून वाढवू म्हणाले. जालन्याचे क्लासवाले सर म्हणाले की फोटो फार जड झाला, हलका करा. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, दुसऱ्या साइटवाल्यांनी आपल्या साइटचा पत्ता दिला पाहिजे. शब्द-बिब्द सगळं जुनं झालं." प्रत्येकाला पक्की खात्री, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. मी फोटो हलका केला, शब्द वाढवले, चार ओळखीच्यांना पत्ता टाकायला लावला. साइट जागची हलली नाही.

मावसभावाच्या बोलण्यातलं एक वाक्य मात्र नवऱ्यानं दिरांच्या कानावर घातलं होतं. दुसऱ्यानं आपला पत्ता देणं हे एक प्रकारचं मतच असतं. दीर ग्रामपंचायतीत बरीच वर्षं सदस्य होते. त्यांचे डोळे चमकले. "मत म्हणतो का? मंग आधी काऊन न्हाई सांगितलं!"

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी जीप भरभरून सगळी भावकी भोकरदनला उतरवली आणि तिथल्या एकुलत्या एका इंटरनेट कॅफेत रांगेनं बसवली. चुलते, चुलतभाऊ, वर सोयऱ्यांतले आतेभाऊ, जावेच्या माहेरची माणसं, काठी टेकत आलेल्या दोन म्हाताऱ्या. कॅफेवाला शब्द टाइप करून द्यायचा आणि एकेकानं येऊन बटण दाबायचं. दीर दारात उभं राहून आत सोडत होते. मतदान शांततेत पार पडलं. संध्याकाळी मी नवऱ्यामार्फत चौकशी केली की नेमकं कशावर दाबलं. कळलं, जे सगळ्यात वर होतं त्यावर. आमची साइट वर असती तर हा खटाटोप कशाला केला असता? सगळ्यात वर होता गुजरातचा आमचा प्रतिस्पर्धी. आमच्या अख्ख्या भावकीनं उत्साहानं त्याला निवडून दिलं होतं.

एरवी मी हसून लोळले असते. त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं. आता साइट आणखी खाली गेली तर त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

त्याच सुमारास औरंगाबादला छोट्या कारखानदारांसाठी इंटरनेट या विषयावर एक व्याख्यान होतं. दीर आम्हाला घेऊन निघाले. मला शिकवायला नव्हे, तिथं कामावर ठेवण्यासारखा माणूस भेटेल म्हणून. रस्ताभर मी जीपमध्ये मागे बसून खिडकीबाहेर बघत होते.

व्याख्यानाला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. सुती साडी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. "या काही महिन्यांत ज्यांची साइट पहिल्या पानावरून दिसेनाशी झाली, त्यांनी हात वर करा."

कोणी हात वर करेना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मग पुढच्या रांगेत एका पापडवाल्यानं, चोरी पकडल्यासारखा, अर्धा हात वर केला. त्याच्या मागं एका पंपवाल्यानं. पैठणचा एक साडीवाला, एक हॉटेलवाला, बघता बघता हातच हात. मीही केला. सगळे माझ्यासारखेच घरातलं दुखणं लपवून आले होते.

मी दिरांकडे पाहिलं. ते खुर्चीत मागे वळून बोटानं हात मोजत होते. ग्रामसभेत ठराव असाच हात मोजून पास होतो, आणि त्यांचा उभ्या जन्मात दुसऱ्या कशावर एवढा विश्वास नव्हता.

बाई म्हणाल्या, "कुठली साइट वर दाखवायची ते सर्च इंजिन स्वतःच्या हिशेबानं ठरवतं. तो हिशेब ते अधूनमधून बदलतं आणि आपल्याला विचारत नाही. या वेळी मोठा बदल झालाय. नक्की काय बदललं, यावर आमच्यातच वाद आहेत. कोणी म्हणतं लपवलेले शब्द पकडले, कोणी म्हणतं दुसऱ्या साइट्सच्या शिफारशीला जास्त वजन दिलं. मला पहिलं खरं वाटतं. पण मीही बाहेरूनच बघते. खात्रीनं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून जरा लांब बसा."

मी उठले. "मी गुरुवारी फोटो बदलला आणि शुक्रवारी साइट गेली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग सगळ्यांना विचारलं, "आणखी कोणी फोटो बदलला होता?"

एकही हात वर आला नाही.

"बघा," बाई म्हणाल्या, "फोटो एकट्या यांनी बदलला, आणि साइट इतक्या जणांची गेली. कसा असेल यांच्या फोटोचा दोष?"

माझा जीव भांड्यात पडला. इतकी साधी गोष्ट, आणि टायवाल्यापासून मावसभावापर्यंत एकालाही सुचली नव्हती, मलाही नाही. मी खाली बसले आणि पदरानं तोंड पुसण्याच्या निमित्तानं रडून घेतलं. इतकं हलकं मला बाळंतपणातून सुटल्यावर वाटलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

शेजारून दीर नवऱ्याच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिला म्हणावं, बाईंला इच्यार. आपण भोकरदनला मतदान करून राह्यलो होतो, त्यानं काही बिघडलं का?"

मी विचारलं. खुलासा करावा लागला. सगळे खो खो हसले, बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "काही बिघडलं नसावं," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा करू नका."

परतताना बदनापूरला चहाला थांबलो. दिरांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि नवऱ्याला म्हणाले, "तिला म्हणावं, उद्या शेडवर जल्दी जा. माणूस-बिणूस काही ठेवायचा न्हाई. बिलकुल न्हाई." नवऱ्यानं मला सांगायला तोंड उघडलं.

"ऐकलं," मी म्हणाले, आणि टपरीवाल्याकडे दोन पाव जास्तीचे मागितले.

दुसऱ्या दिवशी मी ते पांढरे शब्द काढून टाकले. दिवाळीच्या आसपास साइट हळूहळू वर आली, आधी दुसऱ्या पानावर, मग पहिल्या. का आली, कोण जाणे. टायवाले म्हणाले, त्यांनी मध्यंतरी काहीतरी केलं होतं. क्लासवाल्या सरांनी हलक्या फोटोचा दाखला दिला. मावसभावाला तर आधीपासून माहीतच होतं. आणि धावड्याला भावकीचं एकमत झालं की मतमोजणी जरा उशिरा झाली. मी सगळ्यांचे मनापासून आभार मानले, कारण खुर्ची माझी होती आणि वाद घालायला मला वेळ नव्हता.

पुढे काही वर्षांनी, मोबाइल घरोघरी झाल्यावर, सर्च इंजिननं पुन्हा हिशेब बदलला. सकाळी बघते तर साइट परत खाली. नवरा डोकावून म्हणाला, "वरून बदललं वाटतं," आणि प्रेसकडे गेला. मी कामाला लागले. दुपारी मोबाइल वाजला. थोरले दीर होते. त्यांचा फोन माझ्याकडे आला की पहिलं आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असे, 'त्याला दे.' मी नवऱ्याला हाक मारायला उठलेही.

"त्याला देऊ नको," ते म्हणाले. "तुलाच बोलायचंय."

मी उभ्या उभ्याच डोक्यावर पदर घेतला. फोनवर, कुणी बघत नसताना.

"साइट खाली गेली म्हणं?"

"हो दादा."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला.

"मंग, जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले. पोटभर जेवले होते, आणि डबा धुऊनही झाला होता.